पुढच्या दाराची जागा आणि मुलीची शाळा

मी, खाली सही करणारा, वय बावन्न वर्षे चार महिने, धंदा शाळा-कॉलेजांतील मायक्रोस्कोप आणि तराजू दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही आणि ती बदलण्यासाठी परवा, गुरुवारी, शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी धोका "शंभरात तीन-चार" सांगितला. तीन की चार, असे विचारल्यावर ते हसले. मी हसलो नाही. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो या कागदाच्या उलट दिशेने आहे, त्यामुळे हरकत नसावी.

कलम १. माझे राहते कोपऱ्यावरचे घर मी बायकोला देतो. अट एकच: मुलीची शाळा पूर्ण होईपर्यंत ते विकू नये. ही अट वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "मेल्यावरसुद्धा नियम तुमचेच का?" मी म्हटले, मेल्यावरच लागू होतात, म्हणून तर याला मृत्युपत्र म्हणतात. तिने कप जरा जोरात ठेवला. बशीला तडा गेला आहे. बशी सहातली एक आहे, याची नोंद असावी.

कलम २. अटीचे कारण लिहून ठेवतो, कारण कारण न लिहिलेली अट हट्ट समजली जाते.

आमच्या उपनगरात शाळा तीन. पहिली टेकडीवरची खाजगी. दुसरी तलावाजवळची सरकारी, जिच्यासाठी लोक दुप्पट भाव देऊन या बाजूला घरे घेतात. तिसरी महामार्गापलीकडची, जी हद्दीबाहेर पडलेल्यांना मिळते आणि जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मी सातवीनंतर शाळा पाहिली ती दुरुस्तीवाला म्हणूनच. उपकरणांची माहितीपुस्तके शब्दकोश घेऊन वाचली आणि धंदा शिकलो. बावीस वर्षे तिन्ही शाळांच्या प्रयोगशाळांत बसलो आहे, म्हणून माझे मत ऐकीव नाही.

टेकडीवरच्या शाळेत चाळीस मायक्रोस्कोप आहेत. दरवर्षी उघडून पाहतो. फोकसचे चाक नव्यासारखे घट्ट. कपाटाला कुलूप, किल्ली पर्यवेक्षकांकडे, पर्यवेक्षक बैठकीत. तलावाच्या शाळेत एकोणीस आहेत आणि एकाही चाकाचे दात शाबूत राहत नाहीत. दर सुट्टीत मी ते बदलतो. मुलांच्या बोटांनी झिजलेले पितळ मी ओळखतो. माझ्या मुलीचे बोट त्या पितळावर पडावे, एवढेच मला हवे आहे.

टेकडीवाल्यांनी तिला फीच्या सवलतीसह जागा देऊ केली आहे, हे खरे. चौदा तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे. बायकोचे म्हणणे, "मिळतंय ते घ्या. तुमच्या चाकांपायी पोरगी पलीकडच्या शाळेत जाऊन पडायची." हे म्हणणे चुकीचे नाही. तलावाच्या शाळेकडून घराच्या अंतराची तपासणीही चौदालाच आहे, आणि तीत आम्ही नापास झालो तर तोवर टेकडीची जागाही गेलेली असेल.

नापास का होऊ, ते पुढच्या कलमात.

कलम ३. तलावाच्या शाळेचा नियम असा: शाळेच्या फाटकापासून घराच्या पुढच्या दारापर्यंत पायी अंतर पंधराशे मीटरच्या आत हवे. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या कार्यालयात एक नकाशा टांगलेला होता. त्यात आमची गल्ली हद्दीच्या आत दाखवली होती. मी तिथे तराजू द्यायला गेलो असता मला तो चुकीचा वाटला. मी चाक लावलेला मोजमापाचा दांडा स्वतः बनवला आणि तीन सकाळी तीनदा चालून मोजले. माझे दार: पंधराशे अकरा. शेजारी माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे: पंधराशे पंचवीस. मी तसे पत्र लिहिले, आकृती जोडली, पोच घेतली.

कार्यालयाने आभाराचे पत्र पाठवले आणि नकाशा दुरुस्त केला. त्या वर्षी दादाचा मुलगा अकरा वर्षांचा होता. त्याचा अर्ज हद्दीबाहेर म्हणून परत आला. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि तिची शाळा हा विषय माझ्या डोक्यात नव्हता. माझ्या डोक्यात नकाशा होता.

दादाने कर्ज काढून मुलाला टेकडीवर घातले. पोरगा चांगला निघाला, हेही लिहिले पाहिजे. नमस्कार करतो, व्हायोलिन वाजवतो, माझ्याशी बोलतो. दादा बोलत नाही. सहा वर्षे आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो आणि पलीकडचा खोकला ओळखतो.

कलम ४. उपाय आहे. माझ्या घराच्या बाजूने बोळ जातो. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जागी दार काढून त्याला पुढचे दार केले, तर अंतर चौदाशे सत्त्याऐंशी भरते. आकृती जोडली आहे. गवंड्याशी बोललो आहे. चौकट तयार आहे. दोन दिवसांचे काम. चौकटीची उंची गवंडी त्याच्या सवयीने धरील; ती धरू देऊ नये, आकृतीत लिहिली आहे तीच ठेवावी.

अडचण अशी की भिंत आणि बोळ यांच्यामध्ये दीड मीटर रुंदीची पट्टी आहे. वाटणीत ती दादाकडे गेली, त्याला मागच्या गॅरेजकडे जायला. त्याच्या लेखी संमतीशिवाय ते दार उघडेल ते परक्याच्या जमिनीवर, आणि शाळा ते मोजणार नाही. त्या पट्टीतून दादाचे स्वतःचे घर हद्दीत येत नाही. सात मीटर जास्त भरतात. मी तेही मोजून पाहिले आहे.

कलम ५. परवाच्या रविवारी मी दादाकडे गेलो. तो गाडी धूत होता. मला पाहून नळ बंद केला नाही.

"मोजायला आलास?"

"दादा, गुरुवारी माझं ऑपरेशन आहे."

"माहितीय. भिंत पातळ आहे." मग म्हणाला, "आणि?"

मी दाराचे सांगितले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे तुझ्या पोरीसाठी माझ्या जागेतून वाट," दादा म्हणाला. "माझ्या पोराच्या वेळी तू आकृती काढलीस. रंगीत."

"रंगीत नव्हती."

"ऐका," वहिनी म्हणाल्या, "अजून हेच चाललंय. भावजी, तुम्ही जरा बसा तरी. रंग उतरलाय तुमचा."

मी बसलो. दादा म्हणाला, "एक कर. लिहून दे, चूक झाली म्हणून. लगेच सही करतो."

"काय चूक झाली म्हणून?"

"माप चुकलं म्हणून."

"माप चुकलेलं नाही."

"मग ऊठ," दादा म्हणाला, आणि वहिनींनी माझ्यासमोर ठेवलेले पाणी मी न पिता उठलो.

कलम ६. दुरुस्तीची हत्यारे, भिंगांच्या डब्या आणि माहितीपुस्तके मुलीला. लहान स्क्रू-ड्रायव्हरने डबा उघडायची तिला खोड आहे, ती सोडावी. बँकेतली ठेव बायकोला. कागद वरच्या खणात, निळ्या फायलीत. टेकडीच्या शाळेचे व्यवस्थापक मला बावीस वर्षे मागच्या फाटकाने बोलावत आले; माझ्या पश्चात त्यांच्या शाळेचे कोणतेही अर्धवट काम कोणी पुरे करून देऊ नये. त्यांचे सहा तराजू माझ्याकडे खोलून सुटे पडले आहेत, ते सुटेच परत करावेत.

कलम ७. काल मुलीने विचारले, "बाबा, मी कुठे जाणार, हे मला कोणी विचारणार आहे का?"

मी विचारले.

"तळ्याच्या," ती म्हणाली.

"मायक्रोस्कोपमुळे?"

"नाही. टेकडीवर मी एकटीच दुरुस्तीवाल्याची असेन. तळ्यावर आणखी दोघीतिघी असतील." मग म्हणाली, "पण तुम्ही काकांशी भांडून मला तिथे घालणार असाल तर मी टेकडीवर जाते. मला रोज त्या पट्टीतून यायचंय. काका खिडकीत असतात."

तिने माझा चहा गार झाल्याचे सांगितले आणि ती गेली.

कलम ८. म्हणून सूचना. तेरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत दार झाले नाही, तर बायकोने चौदाला सकाळी टेकडीच्या शाळेला होकार कळवावा. माझी इच्छा म्हणून मुलीला अडकवून ठेवू नये. हे मी शुद्धीत लिहीत आहे आणि लिहिताना मला त्रास होत आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

कलम ९. दादासाठी.

माप बरोबर होते. ते आजही पंधराशे अकरा आणि पंधराशे पंचवीसच आहे, आणि खोटा आकडा मी मरतानाही लिहिणार नाही. पण मोजणे वेगळे आणि पत्र पाठवणे वेगळे. मोजून झाल्यावर आधी तुझ्या दारी यायला हवे होते. तुझ्या मुलाचे वय मला माहीत होते. वाढदिवसाला मी त्याला भिंग दिले होते, त्याला महिना झाला नव्हता. तरी मी पाकीट चिकटवले. सातवी नापास माणसाने शिकलेल्यांची चूक काढली, याचा मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदात तुझा पोरगा मला दिसला नाही. पत्र पाठवणे ही चूक होती. ती माझी. तू सही दे किंवा देऊ नकोस, हे कलम तसेच राहील.

कलम १०. हे कलम आज, सही करण्यापूर्वी, वाढवले आहे. सकाळी कलम नऊची नक्कल मुलीच्या हाती दादाकडे पाठवली होती. तो दहा वाजता आला. स्वयंपाकघरात उभ्याने पुन्हा वाचले. मी म्हटले, तुझ्यासाठीही काहीतरी ठेवायचे आहे, काय हवे ते सांग. तो म्हणाला, "काही ठेवू नकोस. ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही ना? एवढं मलाही कळतं. दे पेन." म्हणून दादाला या मृत्युपत्रान्वये काहीही दिलेले नाही. पट्टीच्या संमतीचा कागद त्याने वेगळा सही करून बायकोच्या हातात दिला. माझ्या हातात दिला नाही.

वरील दहा कलमे मी वाचली, ती माझीच आहेत, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही करीत आहे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर, खिडकीजवळ.
दिनांक: सात मार्च, मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.

(सही) लिहून देणार

साक्षीदार पहिल्या: तलावाच्या शाळेतील प्रयोगशाळेच्या बाई. (सही)

साक्षीदार दुसरा: लिहून देणाऱ्याचा थोरला भाऊ. (सही)
सहीखाली त्याच्या हस्ताक्षरात: माप मला अजून मान्य नाही. गुरुवारी दवाखान्यात मी सोबत जात आहे. परत आला की दोघांनी मिळून मोजू.