फ्रीजवरचा तक्ता

३ फेब्रुवारी, मंगळवार

दहा महिने या वहीला हात लावला नाही. चूक झाली, कबूल. शेवटची नोंद ठमी पोटात असतानाची आहे — ‘पाय सुजलेत, मीठ बंद.’ त्यानंतर कोरं. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. वेळ होता. लिहायला बसले असते तर भीतीच लिहावी लागली असती, म्हणून बसले नाही. बेचाळिसाव्या वर्षी झालेली मुलगी. शिंकली तरी मी घड्याळ बघते.

उद्या तिची गोवरची लस. नऊ महिने परवा पूर्ण झाले.

आज जिन्यात खालच्या मजल्यावरची शिंपीण भेटली. तिचा मुलगा बटण ठमीपेक्षा आठ दिवसांनी लहान. त्याला अजून धड एकही लस दिलेली नाही. नवऱ्याच्या मोबाइलवर कुणीतरी काहीबाही पाठवतं आणि ती ते मला वाचून दाखवते. आज म्हणाली, “ताई, एवढ्याशा जिवाला एवढं सगळं टोचायचं? जरा हाडं भरू देत की. वर्षाचा झाला की बघू.” मी म्हटलं, गोवर वाढदिवसापर्यंत थांबतो असं कुणी सांगितलं तुला? ती हसली. मग हळूच म्हणाली, “माझ्या बहिणीच्या पोराला टोचल्यावर झटका आला होता हो. डोळे वर गेले होते त्याचे. मी होते तिथं.”

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. तापाने लहान मुलांना असा झटका कधी कधी येतो, तो मुलगा आता शाळेत जातो, हे मी सांगितलं. तिला ते माहीत होतं. माहीत असून भीती जात नाही, हे मला माहीत होतं.

शेवटी ठरलं ते असं — उद्या मी ठमीला नेणार. ती आठ दिवस ठमीकडे बघणार. सगळं ठीक असेल तर पुढच्या बुधवारी बटणला नेणार. “तुम्ही शिकलेल्या, ताई. तुम्ही केलंत की मी करीन.”

४ फेब्रुवारी, बुधवार

डोकं तापलंय. नीट क्रमाने लिहिते.

आरोग्य केंद्रात गेले तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं. बाक भरलेला. माझा नंबर सातवा. बाकाच्या शेवटी बसले की आतल्या खोलीतला लसींचा फ्रीज समोर दिसतो. त्याच्या दारावर तापमानाचा तक्ता. दोऱ्याने पेन बांधलेलं. तारीख, सकाळ, संध्याकाळ, सही. असा तक्ता दिसला की मी वाचणारच. वीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत काढलीत, शीतगृहाची नोंदवही माझ्या सहीशिवाय बंद होत नाही.

एक तारीख — पाच, पाच. दोन तारीख — पाच, पाच. तीन — पाच, पाच. कुठलाही फ्रीज इतका सरळमार्गी नसतो. आमच्याकडे याला ‘घरबसल्या पारा’ म्हणतात.

आणि आजची ओळ. सकाळ पाच. संध्याकाळ — पाच. सहीसकट. वाजले होते दहा चाळीस!

नंबर आल्यावर मी सिस्टरना विचारलं, संध्याकाळ झाली का? त्यांना कळलंच नाही. मी तक्ता दाखवला.

“दुपारनंतर मला घरभेटींना जायचं असतं, बाई. परत यायला सात वाजतात. फ्रीज काय पळून जातोय?”

“पण आकडा आत्ताच कसा लिहिलात?”

“पाचच असतो. रोज पाचच असतो.”

“रोज पाचच लिहिता म्हणून असतो.”

मागून एक आजी म्हणाल्या, “अहो, तुमचं कोर्ट नंतर भरवा. पोरं भुकेली झालीत.” दोघीतिघी हसल्या. सिस्टर काहीतरी बाटली पुढे करून सांगत होत्या, “हे बघा, यावरचा चौकोन बघा—” मी म्हटलं, बाटली राहू दे, तक्त्याचं बोला. त्या म्हणाल्या, “टोचायचं की नाही ते सांगा.”

मी ठमीला उचललं आणि निघून आले.

जिन्यात शिंपीण उभीच होती. नुसती मान हलवून वर आले. तिने ठमीच्या दंडाकडे, मांडीकडे बघितलं. टोचल्याची खूण नव्हती.

५ फेब्रुवारी

तक्रारअर्जाचा तिसरा मसुदा. ‘निष्काळजीपणा’ लिहिलं, खोडलं. ‘पूर्वनोंद’ लिहिलं. नवरा म्हणाला, “बाईचं नाव नको घालूस, पोटावर पाय येईल.” घातलं नाही. पण केंद्रात सिस्टर एकच आहे, मग न घालण्याचा मोठेपणा कसला?

६ फेब्रुवारी

आरोग्य कार्यालयात अर्ज दिला. पोच घेतली. आवक कारकून म्हणाला, “अशा कामासाठी पहिलीच तक्रार आली बुवा.” कौतुकाने की वैतागाने, कळलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

ठमीला खासगी डॉक्टरकडे नेलं. टोचलं. तीन मिनिटं रडली, मग डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपशी खेळायला लागली. दंडावर टिकलीएवढा लाल ठिपका. ताप नाही.

येताना रिक्षात एकदम आठवलं. तिथे छोटा फ्रीज होता, खुर्चीमागे. त्यावर तक्ताच नव्हता. पाचही नव्हता, सातही नव्हता, काहीच नव्हतं. आणि मी विचारलं नाही. थंड हवा, गुळगुळीत फरशी, “बसा मॅडम” — एवढ्यावर माझी वीस वर्षांची शिस्त गप्प बसली. सिस्टरच्या तोंडावर बोट नाचवणारी मी.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी शिंपीण वर आली. बटणच्या अंगात नवं झबलं, इस्त्री केलेलं. तिनेच शिवलेलं. केसांना तेल.

केंद्रात गेली होती! माझं वागणं बघून आठवडाभर डळमळली, आणि तरीही गेली. नवऱ्याशी भांडून गेली. “म्हटलं, ताईंचं काहीतरी वेगळं कारण असेल, आपण जाऊन तर येऊ.” दारावर कागद — ‘लसीकरण पुढील सूचनेपर्यंत बंद.’ साठा सील केलाय. कुणीतरी वर तक्रार केली म्हणे. रांगेतल्या बायका बोलत होत्या की औषधं नासली होती.

“ज्याने तक्रार केली त्याचं भलं होवो, ताई. माझं पोर वाचलं. तुम्हाला आधीच कळलं होतं ना? म्हणून ठमीला परत आणलंत. बरं केलंत.”

मी ‘हं’ म्हणाले.

एवढंच. ‘हं.’ अर्ज माझा, हे नाही. नासलं असं कुणीच म्हटलेलं नाही, हे नाही. ठमीला परवा टोचून आणलं, हे तर नाहीच.

कार्यालयाचा संताप येतो. तपासणी करा, जरूर करा, पण मुलांना हाकलून? शेजारच्या केंद्रातून बर्फाच्या डब्यात लस आणता आली नसती? तीन किलोमीटरवर आहे. आमच्या शीतगृहात बिघाड झाला तर दूध ओतून देत नाही आम्ही, टँकर वळवतो. मी तक्ता दुरुस्त करा म्हटलं होतं, दार बंद करा म्हटलं नव्हतं.

अर्ज पुन्हा वाचला. शेवटची ओळ — ‘तोपर्यंत सदर साठा वापरू नये.’ माझंच अक्षर.

१३ फेब्रुवारी

आजही सांगितलं नाही. ती मशीनवर होती, गिऱ्हाईक होतं.

१४ फेब्रुवारी

आज गिऱ्हाईक नव्हतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कार्यालयातून डॉक्टरीणबाईंचा फोन. आवाज तरुण, दमलेला. फ्रीजच्या आत एक यंत्र असतं, ते दर काही मिनिटांनी तापमान आपोआप टिपतं. तीन महिन्यांचं सगळं काढून बघितलं. एकदाही मर्यादेबाहेर गेलेलं नाही. शिवाय प्रत्येक बाटलीवर एक चौकोन असतो. उष्णता लागली की तो काळा पडत जातो. एकही पडलेला नव्हता.

चौकोन! सिस्टर तोच दाखवत होत्या. बाटली माझ्या नाकासमोर होती आणि मी तक्त्याकडे बघत होते.

मी विचारलं, म्हणजे माझी तक्रार खोटी? त्या म्हणाल्या, “नाही. तक्ता खोटाच होता, सिस्टरना लेखी ताकीद दिलीय. तक्रार खरी होती आणि लसही चांगली होती. दोन्ही.” मग म्हणाल्या, “आता पंचवीसला केंद्र उघडतंय. लोकांना आणा तेवढं. तुमच्यासारख्यांचं ऐकतात.”

आणा म्हणे. मी दिवसभर या वाक्यावर चिडले होते. त्यांनी दोन आठवडे लावले आणि लोकांना मी आणायचं. संध्याकाळपर्यंत चिडायला दुसरं कुणी उरलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी खाली गेले. चल म्हटलं, मी येते बरोबर. बटणला मी धरते.

“नको ताई.”

“अगं, तपासणी झाली. सगळं चांगलं निघालं.”

“चांगलं होतं तर बंद कशाला केलं? आगीशिवाय कुणी पाण्याची बादली घेऊन धावतं का?”

मी यंत्राचं सांगितलं. चौकोनाचं सांगितलं. ती मशीनवर काज करत राहिली, सुई खालीवर. मग दोरा तोडून म्हणाली, “तुम्ही ठमीला घेऊन आलात ना परत? शब्द दिला होतात मला, तरी आलात. तुमच्यासारखी बाई उगाच नाही येत. मला तेवढं पुरे. वर्षाचा होऊ दे त्याला.”

बोलायची जागा इतकी समोर होती. एक वाक्य. बटण टेबलाखाली बसून रिकामी रिळं तोंडात घालत होता. मी त्याच्या तोंडातलं रीळ काढलं आणि वर आले.

चिडले होते. तिच्यावर. काय हा हट्ट! माझंच उदाहरण माझ्या तोंडावर मारते!

२७ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर ही वही कशाला.

चार तारखेला बाकावर बसले होते तेव्हा ठमी माझ्या बोटाशी खेळत होती. आतून एक पोर किंचाळलं. शिंपिणीच्या बहिणीच्या पोराचे वर गेलेले डोळे — मी न पाहिलेले — मला दिसत होते. आणि मग तक्ता दिसला. संध्याकाळचा पाच.

राग आला, खरं. पण रागाच्या आधी काहीतरी आलं होतं. हायसं वाटलं होतं. आज टोचावं लागणार नाही. कारण मिळालं, आणि तेही असं शिकलेलं, अर्ज करता येण्याजोगं.

शिंपिणीकडे मोबाइल होता. माझ्याकडे तक्ता होता. फरक इतकाच की मी पाच दिवसांत भीती गिळून दुसरीकडे जाऊ शकले.

६ मार्च, शुक्रवार

पलीकडच्या गल्लीत गोवर. पाच मुलं. सिस्टर रजिस्टर घेऊन घरोघर फिरतायत. आमच्या दारात आल्या. त्याच. मला ओळखलं, पण चेहरा हलला नाही.

“मुलीला गोवरचं दिलंय?”

“दिलंय.”

“तारीख?”

“नऊ फेब्रुवारी.”

पेन थांबलं. “तेव्हा तर आमच्याकडे...” मग म्हणाल्या, “बाहेर. हं.” लिहिलं. पाणी देऊ का विचारलं तर प्यायल्या. ग्लास परत देताना म्हणाल्या, “त्या दिवशी बाकावर तेरा मुलं होती तुमच्यामागे. तुम्ही गेल्यावर चारजणी उठून गेल्या.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

खाली त्यांनी शिंपिणीचं दार वाजवलं. आतून, “बटण झोपलाय, नंतर या.” मशीन चालू होतं. मला जिन्यातून ऐकू येत होतं.

७ मार्च

कामावर नोंदवही तपासताना तीन चुका सोडल्या. दुसऱ्याने दाखवल्या.

१० मार्च, मंगळवार

बटणला तीन दिवस ताप होता, हे मला आज कळलं. डोळे लाल, नाक वाहतंय. आज कानामागून पुरळ सुरू झालंय. दुपारी दवाखान्यात नेलं, ठेवून घेतलं. छातीत कफ आहे, श्वास जोरात चालतोय म्हणे. शिंपिणीचा नवरा रिक्षा आणायला धावला होता आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. शिंपिणीच्या घराला कुलूप नाही, नुसती कडी. मशीनखाली अर्धवट झबलं अडकलेलं, सुई खाली.

मी मशीनचा दिवा बंद केला.

११ मार्च, बुधवार

शिंपिणीचा नवरा कपडे न्यायला आला होता. बटणला नाकाला नळी लावलीय. डॉक्टर म्हणतात दोन दिवस कळणार नाही. पिशवी भरता भरता तो म्हणाला, “तिने मुद्दाम निरोप दिलाय ताई. ठमीला खाली आणू नका, आमच्या दाराशीसुद्धा नको. तिचंही टोचायचं राहिलंय ना. एकाचं झालं ते पुरे, म्हणाली.”

उद्या — सकाळी आठला दवाखाना. शिंपिणीला सांगणे : ठमीला नऊ फेब्रुवारीलाच टोचलंय.