चोरलेली दोन वर्षे

मी, दीनानाथ येशुदास रणभिसे, मूळचा अहमदनगरचा, हल्ली राहणार तेलीबाग, लखनौ, धर्माने ख्रिस्ती, केंद्र सरकारच्या कचेरीतला निवृत्त अधीक्षक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. वय अडुसष्ट. सरकारी दप्तरात सहासष्ट आहे, ते खोटे आहे.

१. तेलीबागचे घर मुलगा हर्षवर्धन याला. अट एकच: विजेच्या तारेवर टाकलेली कटिया, म्हणजे चोरीचा आकडा, माझ्यामागे महिन्याभरात उतरवावी, नाहीतर घर मुलगी जुईचे. उन्हाळ्यात चिरंजीव चोरीच्या विजेवर कूलर लावतात आणि त्याच गार हवेत प्रार्थनासभा भरवतात. हटकले तर म्हणतात, "पापा, पूरा मोहल्ला करता है." मोहल्ला नरकात निघाला तर हे खिडकीची जागा धरतील.

२. बँकेतली ठेव आणि माझी पत्नी कै. सुलभा हिचे दागिने जुईला. जुई खोटे बोलत नाही, म्हणून सासरी तिला तोंडाळ म्हणतात.

३. आमच्या चर्चच्या कमिटीने माझ्यामागे भिंतीवर ‘सत्याचा सेवक’ अशी संगमरवरी पाटी लावायचे ठरवले आहे. लावू नये. कारण पुढे दिले आहे.

४. शाळेत घालताना वडिलांनी माझे वय दोन वर्षे कमी सांगितले. ते स्वतः मिशनच्या शाळेत मास्तर. मुलांकडून रोज दहा आज्ञा घोकून घेत. १९५५ साली लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागवला तेव्हा मला हे कळले. दाखला मी ट्रंकेच्या तळाशी घातला. १९७८ साली माझा मित्र आणि सहकारी हणमंत डोईफोडे याचे सेवापुस्तक माझ्या टेबलावर आले. जन्मतारखेत एका वर्षाची खाडाखोड होती. "दीनानाथ, पोरं लहान आहेत रे," तो म्हणाला. मी त्याला खरेपणावर प्रवचन दिले आणि वर अहवाल पाठवला. त्याची नोकरी गेली. चर्चमध्ये माझे कौतुक झाले. मी मात्र दोन वर्षे जास्त खुर्ची उबवून, हार घालून घेऊन घरी आलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! थू माझ्या सत्यावर.

५. जानकीपुरमचा प्लॉट हणमंतला. (खोडले.)

गुरुवारी हा मसुदा हणमंतच्या पिठाच्या चक्कीवर नेऊन त्याला वाचायला दिला. तो म्हणाला, "मेल्यावर खरं बोलायला काय जातं? जिवंतपणी बोल, तुझ्या लोकांसमोर. आणि प्लॉट काढ यातून. मी साक्षीदार म्हणून सही करतो. साक्षीदाराला काही मिळत नाही, तेच बरं." प्लॉट आता जुईला.

आज उपासनेनंतर मी उभा राहिलो आणि सगळे बोललो. खजिनदार हसले, "अरे अंकल, उम्र तो सबकी लिखवाई हुई है!" पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे क्षमा केली, जणू माझ्या हातून चहा सांडला होता. पाटीवर आता ‘नम्र’ हा शब्दही घालणार म्हणे. शेवटच्या बाकावर हणमंत बसला होता. त्याच्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही.

वरील मजकूर माझा, अक्षर माझे, लाजही माझीच. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

लखनौ, रविवार, २४ नोव्हेंबर १९९६
(सही) दीनानाथ येशुदास रणभिसे

साक्षीदार:
१. (सही) सौ. मीनाक्षी श्रीरंग जोगळेकर, शेजारीण
२. (सही) हणमंत विठोबा डोईफोडे. ऐकले, म्हणून सही केली. माफ केलेले नाही.