जवळपास शून्य

३ नोव्हेंबर, सोमवार
दिवाणिया, म्हणजे घरची पाहुण्यांची बैठक, आज फुल्ल. दर सोमवारी मंडळी माझ्याच बैठकीत जमतात, कारण आकडे माझ्याकडे असतात. पदवी नाही, अर्थशास्त्र स्वतः वाचून शिकलो. सगळ्यांना सांगितलं, कुवेतच्या उत्पन्नात परदेशातून घरी येणाऱ्या पैशाचा वाटा जवळपास शून्य. आपण पाठवणारे, घेणारे नव्हे.
अबू दुऐज मधेच म्हणाला, जवळपास म्हणजे काय रे? म्हणजे कुणीतरी घेतोच की! कोण तो भिकारडा?
सगळे हसले. मीही हसलो. जरा जास्तच.
तो मीच. बर्गरचं दुकान बुडाल्यापासून पेन्शन बँकेच्या हप्त्यात जाते आणि सोमवारचं जेवण मुलाच्या, बर्राकच्या पैशावर शिजतं. तो डब्लिनला डॉक्टर. ही मदत नव्हे, तात्पुरती सोय.

४ नोव्हेंबर
बायको म्हणाली, अहो, एक सोमवार नुसत्या चहावर भागवा. मी समजावलं, दिवाणियाचा दरवाजा बंद दिसला की लोक दोनच अर्थ काढतात. मेला किंवा बुडाला. ती म्हणाली, मग मेला म्हणून सांगू का?
विनोदाचं अंग नाही तिला.
संकल्प: फेब्रुवारीपासून बर्राककडून एक फिल्सही घ्यायचा नाही. जानेवारीपासूनही जमलं असतं, पण थंडीत लोक जास्त खातात.

६ नोव्हेंबर, दुपार
मनी एक्स्चेंजमध्ये जेवणाच्या वेळेला गेलो. ओळखीचं कुणी नको. रांग सगळी घरी पैसे पाठवणाऱ्या कामगारांची. काउंटरवरचा म्हणाला, या साहेब, पाठवायचे ना? मी हळूच म्हणालो, घ्यायचे. तो मोठ्यांदा म्हणाला, घ्यायचे? तुम्हाला?
नोटा हातात पडतात तोच खांद्यावर थाप. अबू दुऐज! ड्रायव्हरच्या घरी पैसे पाठवायला आलेला. म्हणाला, तू रे इथे? तोंडातून निघून गेलं, मुलाला पाठवतोय, डब्लिन महाग आहे. तो म्हणाला, पाठव पाठव, थांबतो मी, मग कॉफी घेऊ. आणि कोपर धरून उभाच राहिला.
पाठवावे लागले. सगळे. वर फी खिशातून. काउंटरवरचा विचारत होता, ज्यांच्याकडून आले त्यांनाच? डोळे वटारले तेव्हा गप्प बसला.
कॉफीचे पैसेही मीच दिले.
पण नीट पाहिलं तर घेणारा मी, पाठवणाराही मी. शून्य अबाधित.

८ नोव्हेंबर
बर्राकला खरं सांगणारच होतो. त्याचाच फोन आला. आवाज भरलेला. म्हणाला, बाबा, पैसे परत केलेत, तेव्हाच समजलो, तुमचं सावरलं. आता मीही मोकळा. कर्ज काढून फ्लॅट घेतला, आजच सही केली.
मी म्हणालो, शाब्बास.
बायकोने फोनसाठी हात पुढे केला. दिला नाही.

९ नोव्हेंबर
खाटीक म्हणाला, चाचा, मागचं बकरं अजून माझ्या वहीत चरतंय. बैठकीतला गालिचा विकायला काढला. गिऱ्हाईक म्हणालं, याच्यावर चहाचे डाग आहेत. कसे नसणार? माझ्याकडून कुणी कोरडा गेलेला नाही.
उद्या सोमवार. काहीतरी सुचेलच. मला नेहमी सुचतं.

१० नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळ
दिवाणियाला कुलूप. दारावर सुवाच्य अक्षरात पाटी: यजमान प्रवासात आहेत.
आत दिवे न लावता दोघंही खुबूसची रोटी आणि चीज खातोय. मोबाइलच्या उजेडात लिहितोय. बाहेर पावलं थांबली. अबू दुऐजने पाटी वाचली आणि कुणाला तरी म्हणाला, मुलाकडे गेला असणार, त्या बिचाऱ्याला पैसे पोचवायला. बाप असावा तर असा! दुसरा म्हणाला, येऊ दे परत, आपणही थोडे मागून बघू.
पावलं गेली. बायको कुजबुजली, अहो, परत कधी येणार आहात?