ज्ञानदेवचा फॉर्म

२ मे १९७२

आमच्या ज्ञानदेव शिंप्यानं सरपंच हौसरावांविरुद्ध उभं राहायचं ठरवलंय. पंधरा वर्षं पंचायत बिनविरोध. देवळात बैठक, नारळ, झालं. सोसायटीत त्यांचीच माणसं, झेडपीतही तीच. विरोधी पक्ष म्हंजी ज्ञानदेव — आन् त्यानं चहा पाजला तर मी.

सूचक व्हायला कोणी मिळेना. मी सही केली. 

३ मे

"शिरूरला कचेरीत जा. नव्या मतदार यादीत तुझा क्रमांक बघ, फॉर्मवर टाक. मधी कुठं रेंगाळू नको," ज्ञानदेव म्हणाला.

तळेगावला गाडी बदलायची. बाजार होता. एक बैल ट्रकमधी चढेना. सहा माणसं ढकलतायत. एकजण म्हणाला, "ह्यालाच उभा करा हौसरावांसमोर. हलायचा न्हाई." लई हसलो. गाडी गेली.

शिरूरला पोचलो तर कचेरी बंद. मागच्या लोकसभेला मिळालेली मतदार-चिठ्ठी पाकिटात होती. तोच क्रमांक टाकला.

५ मे

फॉर्म भरला. लगेच हौसरावांच्या जीपमधून निरोप — "बसून बोलू." आम्ही एसटी धरली.

६ मे, दौंड

ज्ञानदेवच्या बहिणीकडं लपलोय. माघारीची मुदत आठ तारखेला तीनपर्यंत. उद्या छाननी, पण तिथं गेलो तर धरतील, म्हणून जायचं न्हाई.

बहीण, साळूबाई, म्हणाली, "दादा, हौसरावांनी विहीर दिली गावाला. तू काय देणार?"

"विचारणारा एक माणूस."

७ मे

जीपचा आवाज आला की मी दाराला कडी घालतो. ज्ञानदेव फुटेल काय? संडासाला गेला तरी मी मागं.

"आरं, मी न्हाई बसायचा. तू तुझं बघ," म्हणाला.

८ मे

तीन वाजून गेले! कोणी आलं न्हाई. साळूबाईनं शिरा केला. ज्ञानदेव पहिल्यांदा पोटभर जेवला.

९ मे, गाव

हौसराव बिनविरोध. फॉर्म छाननीतच बाद — सूचकाचं नाव यादीत न्हाई. नावं लिहायला माणूस आला तवा मी मनमाडला भटकत होतो. वहिनीनं त्याला सांगितलेलं, "भावजींचा नेम न्हाई." म्हणून त्यानं नावच लिहिलं न्हाई.

ज्ञानदेव मशीनवर बसलाय. 

हौसरावांनी बोलावून हातावर पेढा ठेवला. "पुढच्या यादीत नाव घालून घे रं. मी सांगतो तलाठ्याला."

मी व्हय म्हणालो.