झाईची कावळेबाई

लाडकीताईस,

झाईहून रविंद्रचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत. बरे नसायला मी चालतो कुठे. चारोटीचं हॉटेल चालू असेलच, हायवेवरच्या माणसाला भूक लागायची थांबत नाही.

पत्रास कारण, आपल्या पुष्पाला नाक्यावरून हटवणार आहेत. (माणूस जाऊन दोन वर्षं झाली, आता काय हटवणार म्हणाल. पुतळ्याविषयी लिहितोय.) पंचायतीने नाक्यावर मच्छीवालीचा पुतळा करायचं ठरवलं तेव्हा कारागिराने फोटो मागितला. घरात तुमच्या बहिणीचा धड फोटो एकच, वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलताना आमच्या लेकीने, भाविनीने मोबाइलवर काढलेला. हात वर, तोंड उघडं. मला वाटलं, कारागीर तोंड तेवढं मिटून घेईल. त्याने मिटलं नाही, वर नाक वाढवून दिलं.

उद्घाटनाला लोक पोट धरून हसले. आता तीच गावाची ओळख. कंडक्टर 'कावळेबाई, उतरा' म्हणतो, उंबरगावकडची नवरानवरी येऊन तिच्याशेजारी तोंड वासून फोटो काढतात. आणि त्या वर केलेल्या हातावर दिवसभर कावळे बसलेले. ताई, दहावा आठवतो? दोन तास पिंडाला एक कावळा शिवेना. तुम्ही आईची सोन्याची माळ भाविनीला देते म्हणालात, मी दारू सोडतो म्हणालो (सोडली), तरी शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. जन्मभर हाकललं तर कशाला येतील, असं भटजीसुद्धा म्हणाले. आता येतात, सगळेच्या सगळे. मला फार वाईट वाटतं.

रस्ता रुंद होतोय, सोमवारी पुतळा फोडणार. पंचायतीच्या दारात नवा येईल, हसरा. हाच राहू दे म्हणून गावाने सह्या केल्या, मी केली नाही. रोज दोनदा तिच्यासमोरून मान खाली घालून जायचं, पुरे झालं. सुटेन एकदाचा.

भाऊजींना नमस्कार सांगा.

आपला,
रविंद्र

ता. क. हॉटेलचा टेम्पो रविवारी पाठवाल का? सरपंचांना विचारून ठेवलंय. चार माणसं आणि जुन्या गोधड्या मी बघतो. अंगणात ओटा बांधून झाला आहे, दाराकडे तिचं तोंड येईल असा.

आणखी ता. क. कावळे तिला भीत नाहीत हे मला दिसतं. पण मी अजून भितो. परवा मी बाटली आणली आहे. अजून उघडलेली नाही. टेम्पो सकाळीच पाठवा.