वकिलासाठी पाच फुटी ग्रिल

२ मार्च, रविवार
कासवाच्या पिंजऱ्याचा अंदाज: अँगल, सळ्या, वरची जाळी, कुलूप, मजुरी धरून एकोणीस हजार. हिला सांगितला: सात. कासवाची किंमत विचारू नये.

कासव मुलीचं. अकरा वर्षं तिनंच वाढवलं. मानेच्या सुरकुत्या आणि कुणाचंच न पटल्यासारखा चेहरा, म्हणून नाव वकील. तिच्या चौथ्या मजल्यावर ना माती ना ऊन, म्हणून गेलं वर्षभर आमच्या अंगणात. दोनदा गेटखालून रस्त्यावर गेला. आज मुलगी म्हणाली, बाबा, आता तिसऱ्यांदा गेला तर मी दुसरीकडे ठेवीन.
म्हटलं, एकतीस वर्षं ग्रिलं बनवतोय. माझ्या ग्रिलमधून आजवर कुणी आरपार गेलेलं नाही.
ती म्हणाली, तो चोर नाही बाबा, कासव आहे.
हसून सोडून दिलं. बापाचा धंदा मुलांना कधी कळत नाही.

५ मार्च, बुधवार
मुलीनं कासवाच्या डॉक्टरीणबाईंच्या सूचना पाठवल्या. भिंत ठेंगणी चालेल, पण आरपार दिसता कामा नये. जमिनीखाली फूटभर गाडा. पुढे बरंच काही. वाचलं नाही. डॉक्टरांनी जनावर बघावं, लोखंड आम्ही बघू.
उंची पाच फूट ठरवली. हिनं विचारलं, वकील उड्या मारतो का?

८ मार्च, शनिवार, संध्याकाळी ६
उभं राहिलं! काय काम झालंय. सोळा एमएमची सळई, वरून जाळी, दोन कुलुपं, रेड ऑक्साईडचा हात. फोटो मुलीला पाठवला. वकील दिसत नाही त्यात, पण वेल्डिंग स्पष्ट दिसतंय. उत्तरादाखल अंगठा आला.

९ मार्च, रविवार
मुलगी आली. वकील सकाळपासून सळ्यांच्या कडेकडेनं फिरतोय. म्हटलं, बघ, फेऱ्या मारतो, तब्येत सुधारली. ती म्हणाली, बाहेरचं दिसतंय म्हणून वाट शोधतोय. फळ्या लावा.
फळ्या लावल्या तर काम झाकलं जाईल. बघतो म्हटलं.
पाऊण तास थांबली. त्यात अर्धा तास कासवापाशी, दहा मिनिटं फोनवर. तरी आली ना? आमच्या थोरल्या भाऊंचा मुलगा दोन गल्ल्या पलीकडे राहतो, पण तोंड दाखवत नाही. आज त्यांना मुद्दाम ऐकवलं: आमची लेक दर रविवारी येते. बापाची ओढ लागते. ती विकत मिळत नाही.

१२ मार्च, बुधवार
मागच्या कोपऱ्यात मातीचा ढीग. उंदीर. बाहेरून येत असणार. वरच्या जाळीवर आणखी एक जाळी मारली. तिसरं कुलूप लावलं.

१५ मार्च, शनिवार
वकिलाचं नाक सळईला घासून सोललंय. मलम लावलं. हिला म्हटलं, मुलीला बोलू नकोस. ही म्हणाली, तिला दिसेलच. आमच्या घरात धीर देणारं माणूस नाही.

१६ मार्च, रविवार, सकाळी ९
तिन्ही कुलुपं जागच्या जागी. पिंजरा रिकामा.
मुलीला फोन केला, चोरी झाली. तिनं विचारलं, कुलुपं तोडली का? म्हटलं, नाही, सराईत असणार. ती म्हणाली, खाली बघा. अँगलच्या खाली ताटाएवढं भोक.

त्याच दिवशी, दुपार
मुलगी रिक्षानं आली. वकील शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या पाण्याच्या टाकीमागे सापडला. मुलीनं त्याच्या नाकाकडे बघितलं आणि बाईंनाच विचारलं, तुमच्याकडे ठेवू का? बाई म्हणाल्या, खुशाल. दोघींनी चर खणला, पडून असलेल्या विटा लावल्या. म्हटलं, वेल्डरला बोलावतो, तासात मजबूत करून देईल.
बाबा, तुम्ही बसा, म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च, मंगळवार
बाईंकडचं ते विटांचं कुंपण आठवडाभर टिकलं तर नाव बदलीन, असं वर्कशॉपमध्ये सांगितलं. वेल्डर म्हणाला, मालक, मी बघून आलो, विटा फूटभर गाडल्यात, नाही निघायचा. म्हटलं, मग हे आधी का नाही बोललास? म्हणाला, बोललो होतो मालक, तुम्ही उंची मोजत होता.
कामावरची माणसं हल्ली फार बोलायला लागलीत.

२३ मार्च, रविवार
मुलीचा फोन नाही. काम असेल. पिंजऱ्याला दुसरा हात मारला, हिरवा. वकिलाला इकडची सवय आहे, येईल परत. मग मुलगीही. दार उघडंच ठेवलंय.

३० मार्च, रविवार
बाईंकडून हसण्याचा आवाज आला, म्हणून गच्चीवर गेलो. मुलगी विटांपाशी मांडी घालून बसलेली. ही पण तिथेच, चहाची किटली घेऊन गेलेली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी गेलो नसतो. वकील उन्हात पाय पसरून पडला होता. विटा जमिनीच्या वर जेमतेम दोन थर.
मुलगी दहाला आली, बाराला गेली. आमच्या घरी आली नाही.