दिव्याची पेटी

आत्याबाई, तुम्ही गेल्यानंतर मी जिथे जिथे तुमची हकीकत सांगितली, तिथे एक गोष्ट चुकीची सांगितली. आपल्या वार्डातल्या बायांनी तुम्हाला मतं दिली नाहीत, असं मी म्हणत आले. दिली होती. हे मला परवा कळलं.

नवरा गेल्यावर तुम्ही मोर्शीहून अकोल्याला आमच्या घरी आलात आणि परातीतल्या पिठात बोट फिरवून मला अक्षरं शिकवलीत. शाळा मग आली. मी काही ऐकीव सांगायला लागले की तुम्ही पळी उगारायच्या, "पायलेलं सांग, आयकलेलं नोको सांगू." आणि तुमच्याबद्दलच मी इतकी वर्षं ऐकीव सांगितलं. तेही तुमच्याच तोंडून ऐकलेलं.

जठारपेठेत नळ आले, आपल्या गल्लीत आले नाहीत आणि आपल्या बाया विहिरीवरच भांडत राहिल्या, म्हणून तुम्ही नगरपालिकेला उभ्या राहिलात. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह, आणि कागद आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. तुमचं चिन्ह दिवा. मतदानाआधीची ती दुपार मला अजून दिसते: मत कसं द्यायचं ते शिकायला बाया आपल्या स्वयंपाकघरात जमतात. तुम्ही पिठाच्या डब्यावर कोळशानं दिवा काढता आणि एकेक जण हातातला कागद डब्यावर ठेवून बाजूला होते. मी म्हणते, "आत्याबाई, झाकणाले फट पाडू ना, खऱ्या पेटीसारखी." तुम्ही म्हणता, "अन् पिठात मुंग्या शिरल्या त तू खाशीन?" सगळ्या हसतात, त्यात शेजारच्या काकूंचं हसणं सर्वांत मोठं.

निकालाला तुमच्या पेटीतून इतके थोडे कागद निघाले, की मोजणाराही वर पाहीना. घरी येऊन तुम्ही डब्यावरचा दिवा ओल्या फडक्यानं पुसलात. "माह्याच बायाइनं मले नाही म्हटलं," एवढंच बोललात. त्यानंतर विहिरीवर गेला नाहीत. काकूंनी दारातून हाक मारली तरी आतूनच "काम आहे" म्हणायच्या. तशातच तुम्ही गेलात.

परवा त्याच काकू दोघीतिघींना घेऊन आल्या. वार्डाची निवडणूक पुन्हा आली आहे, नळ आपल्या गल्लीपर्यंत अजून पोचलेला नाही, मी उभं राहावं असं त्यांचं म्हणणं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाईंना तुम्ही मत दिलं नाही, मला काय द्याल?"

काकू ताडकन उठल्या. "काहून वं पोरी, कोन म्हनते नाही देल्लं? तुह्या आत्यानं शिकवलं तसंच केलं आमी." त्यांनी फळीवरून तोच डबा ओढला, पुढ्यात ठेवला, हाताला आलेला एक कागद झाकणावर मांडला, हात जोडले आणि मागे सरल्या. "असं! दिव्यावर ठेवलं न् निंघाली. माह्या आंधीच्या बायाइचे कागद होतेच तिथं."

"काकू, पेटीला वर फट होती ना?"

"असन. फटीचं तिनं काई सांगतलं नव्हतं."

पेटीबाहेर सापडलेले कागद रद्द करत, हे मी मोठी झाल्यावर वाचलं होतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या त्या दुपारशी त्याचा संबंध लावायचं कधी सुचलं नाही. समोर काकू कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि मी झाकणावरचा कागद उचलून त्याची घडी घालत बसले. आपली मतं मोजली गेली आणि तरी आत्या पडली, असंच त्या अजून समजतात. त्यांच्या हाका तुम्हाला का नकोशा झाल्या, हेही त्यांना ठाऊक नाही. तुमच्यावर त्यांचा राग नाही, आत्याबाई. जाताना डब्यावरची धूळ पदरानं पुसून गेल्या.

आज मी पीठ मडक्यात काढलं आणि पत्र्याचं काम करणाऱ्याकडून झाकणाला फट पाडून आणली. तुम्ही मला बोलला असतात. आता सगळ्यांची पेटी एकच असते, कागदावर शिक्का मारायचा, घडी घालायची आणि आत टाकायचा. फट नीट पडली का, ते पाहायला पहिला कागद म्हणून हेच पत्र टाकीन. पाठवायला दुसरी जागाही नाही.

निवडणुकीत पडले तर मीही विहिरीवर जाणं सोडून देईन, अशी मला भीती आहे. म्हणून आधी तिथेच जाणार आहे. काकूंना त्या कागदांचं खरं काय झालं ते सांगेन, आणि त्यानंतरही त्यांनी उभं राहा म्हटलं, तर तिथूनच अर्ज भरायला. येत्या सोमवारी, सकाळी.